रामजींनी उत्तर दिलं नाही

'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ मध्ये एक प्रस्तावना लिहून ठेवली होती. त्याच वर्षी ६ डिसेंबरला ते गेले. ग्रंथ १९५७ मध्ये निघाला, पण ही प्रस्तावना त्यात आली नाही. ती लोकांसमोर आली पुढे. आपण बुद्धाकडे कसे वळलो हे त्यांनी तिच्यात सांगितलंय, आणि त्या सांगण्यात बुद्धाच्या आधी वडील येतात.

वडील म्हणजे सुभेदार रामजी सकपाळ. लष्करातला माणूस, शिस्तीला कडक आणि अतिशय धार्मिक. कबीरपंथी असल्यामुळं मूर्तिपूजा न मानणारे, तरी गणपतीची पूजा करायचे, मुलांसाठी म्हणून. मुलाला ते तेव्हाही खटकायचं. रोज रात्री झोपण्यापूर्वी भीम आणि त्याचा थोरला भाऊ रामायण-महाभारतातला काही भाग मोठ्यानं वाचायचे. ऐकायला बहिणी आणि कथेसाठी घरी जमलेली माणसं. वर्षानुवर्षं हे चाललं. मग मुलगा इंग्रजी चौथी पास झाला, समाजातल्या लोकांनी त्याच्या कौतुकाची सभा घ्यायची ठरवली. रामजींनी आधी साफ नकार दिला, पोराचं डोकं फिरेल म्हणून. शेवटी त्यांचे स्नेही कृष्णाजी अर्जुन केळुसकर मध्ये पडले, सभा झाली, आणि अध्यक्षस्थानी असलेल्या केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र मुलाच्या हातात ठेवलं. (काही चरित्रकार हा प्रसंग मॅट्रिकच्या वेळचा, १९०७ सालचा सांगतात. इथं मी खुद्द बाबासाहेबांचंच सांगणं धरलंय.)

ते पुस्तक वाचून मुलानं वडिलांना विचारलं, ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आहे आणि शूद्र-अस्पृश्यांची मानहानी आहे, ते तुम्ही आम्हाला का वाचायला लावता? पहिल्या खेपेला वडिलांनी दटावलं. काही दिवसांनी मुलानं पुन्हा विचारलं, तेव्हा मात्र वडील तयारीत होते. आपण अस्पृश्य, तुमच्या मनात न्यूनगंड येणार, येणं साहजिक आहे, तो जावा म्हणून हे वाचायचं. द्रोण बघ, कर्ण बघ, कुठून कुठं गेले. वाल्मीकी तर कोळी होता. मुलाला यात थोडं तथ्य वाटलं, समाधान मात्र झालं नाही. भीष्म-द्रोण बोलतात एक आणि करतात दुसरं, कृष्ण कपटी, राम वालीशी आणि सीतेशी कसा वागला ते पाहा, असं त्यानं तोंडावर सांगून टाकलं. रामजी गप्प बसले. पोरानं बंड केलंय हे त्यांनी ओळखलं.

हा संवाद महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांत अजून चालू आहे. बाजू तेवढ्या फिरल्यात: बुद्ध आता आईबापांच्या हातात आहे आणि प्रश्न पोरांच्या. पुढच्या दोघी एकाच घरातल्या नाहीत, चार घरांतलं ऐकून मी त्या जुळवल्यात. आई नाशिकरोडची, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. मुलगी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यानं 'झालं' म्हणून सांगितलेल्या कामात चुका शोधण्याचा तिला पगार मिळतो. दिवस वर्षावासाचे, आषाढी आणि आश्विनी पौर्णिमेच्या मधले, म्हणून आई पांढरी साडी नेसून विहारातून नुकतीच आलीय.

आई : पुण्यात रविवारी मोकळीच असतेस. तासभर विहारात जाऊन वंदना घेतलीस तर काय बिघडेल?

मुलगी : बिघडणार काहीच नाही. घडेल काय ते सांग.

आई : चार माणसं भेटतील. एकटी राहतेस, मन ठिकाणावर राहील. बरं वाटेल.

मुलगी : म्हणजे बरं वाटावं म्हणून जायचं. खरं आहे म्हणून नाही.

आई : खरं तर आहेच.

मुलगी : काय खरं आहे?

आई : धम्म.

मुलगी : आई, असं उत्तर तू चौथीतल्या पोराकडून घेतलं असतंस?

आई : नसतं घेतलं. बरं, नीट सांगते. तुझे पणजोबा काळाराम मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहात होते. २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड पुढं होते. किती वर्षं चालला! लोकांनी काठ्या खाल्ल्या, दगड खाल्ले, दार काही उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेब बोलले, हिंदू म्हणून जन्मलो ते माझ्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. आणि एकवीस वर्षांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा. त्यानंतर आमच्या घरातली माणसं मान वर करून बोलायला लागली. माझे वडील सांगायचे, आधी रस्त्यानं चालताना नजर आपोआप खाली जायची, जाऊ नये म्हणून मुद्दाम प्रयत्न करावा लागायचा. मला तो प्रयत्न कधी करावा लागला नाही. तुला तर अशी काही सवय होती हेही ठाऊक नाही.

मुलगी : म्हणजे न्यूनगंड गेला.

आई : गेला.

मुलगी : मग हे रामजींचंच उत्तर झालं की. ते म्हणाले रामायण वाच, न्यूनगंड जाईल. तू म्हणतेस वंदना घे, न्यूनगंड गेलाय. एखादी गोष्ट उपयोगी पडते म्हणून ती खरी ठरत नाही, हे बाबासाहेबांना त्या वयात कळलं होतं. आणि तू मला सुभेदारांच्या जागी बसून सांगतेस.

या घावावर आईला लगेच काही सुचत नाही. मलाही सुचलं नसतं. आपल्याकडं 'श्रद्धेचा फायदा काय' याची उत्तरं भरपूर आहेत: मन शांत राहतं, घर एकत्र राहतं, व्यसन सुटतं. सगळी खरी आहेत आणि सगळी प्रश्नाला बगल देतात. मुलगी विचारतेय ते फायद्याचं नाहीच.

आई : फरक आहे. रामजींनी दिलेल्या पुस्तकात द्रोण होता, आणि त्या द्रोणानं एकलव्याचा अंगठा मागितला. ज्या पुस्तकानं गंड घालवायचा त्यातच गंडाची पुढची सोय केलेली. आमच्या पुस्तकात कुणी कुणाचा अंगठा मागत नाही.

मुलगी : म्हणजे चांगलं पुस्तक. मी चांगलं आहे का विचारत नाही.

आई : तुला टाकाची गोष्ट सांगितलीय ना मी?

मुलगी : पिठाच्या डब्यातला?

आई : हं. दीक्षेनंतर आळीतल्या सगळ्यांनी देव्हाऱ्यातले टाक गोळा करून गोदावरीत सोडले. माझ्या आजीनं एक मागं ठेवला, खंडोबाचा, पिठाच्या डब्यात खाली दडवून. घरात पोरं लहान, गोवराची साथ. देव सोडला आणि पोराला काही झालं, तर तोंड कुणाला दाखवायचं? आजोबांना पत्ता नाही. रोज भाकरीचं पीठ काढताना तिच्या बोटांना तो टाक लागायचा.

मुलगी : मग?

आई : मग एक पोर गोवरातून उठलं. आणि आजी पेचात पडली, हे खंडोबानं केलं का आपोआप झालं? कुणाला विचारायची सोय नाही. तर तिनं काय करावं? पुढच्या खेपेला दुसऱ्या पोराला ताप भरला, तेव्हा, ताप असताना, तिनं तो टाक उचलला, नदीवर जाऊन सोडला, आणि येताना दवाखान्यातून बाटली भरून औषध आणलं. दोन रात्री बसून राहिली. पोर उठलं. त्यानंतर तिनं कुठल्याच देवाला हात जोडले नाहीत.

मुलगी : अगं, पण हा तर प्रयोग झाला! तिला श्रद्धा नव्हती, शंका होती. शंकेनं काम केलं.

आई : शंका तिला जन्मभर होतीच की. गावात कुणाला नव्हती? नवस फेडूनही पोरं जात होती, सगळ्यांना दिसत होतं. पण शंका आली म्हणून देव नदीत टाकायची छाती होत नाही कुणाची. ती छाती तिला कुठून आली? शिकलेली नव्हती, अक्षर येत नव्हतं. बाबासाहेब म्हणाले, एवढ्यावर आली. स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या आधी कुणावर तरी भरवसा टाकावा लागतो, तेव्हा बघायला हात पुढं होतो. मी त्याला श्रद्धा म्हणते. तू म्हणू नकोस, मला चालेल.

मुलगी : आणि पोर गेलं असतं तर?

आई : (थांबून) तर तिनं परत टाक आणला असता. नवा घडवून आणला असता.

मुलगी : म्हणजे ती चुकीचं शिकली असती. एका पोराच्या तापावर सत्य ठरवायचं, हे मी आमच्या ऑफिसात सांगितलं तर मला घरी पाठवतील.

आई : एका पोरावर नाही ठरलं. गावोगाव बायांनी टाक सोडले. कुणाची पोरं जगली, कुणाची गेली, आधी जगत-जात होती तशीच. देव असताना आणि नसताना सारखंच. लाखो घरांचा हिशेब आहे तो. तुमचं ते सँपल काय म्हणतात, एवढं मोठं कुणी घेतलं असेल का?

इथं मी आईच्या बाजूनं आहे. धर्मांतराबद्दल लिहिताना आपण सभा, प्रतिज्ञा, आकडे सांगतो. १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षाभूमी डोळ्यांपुढं आणतो. पण बावीस प्रतिज्ञांतला जुन्या देवांना न मानण्याचा भाग खरा पाळला गेला तो स्वयंपाकघरांत, आणि तिथं भीतीशी एकेका बाईची एकटीची गाठ होती. अर्थात मुलगीही गप्प बसणारी नाही, आणि तिचा पुढचा मुद्दा माझ्या मते या सगळ्यांत अवघड आहे.

मुलगी : बरं, देव नाही हे तुम्ही पडताळून घेतलं. पण त्याच्या जागी जे आणलं ते पडताळलं का? मी ग्रंथ वाचलाय, तू म्हणून नाही, माझी मी. सुरुवातीलाच बाबासाहेब विचारतात, सिद्धार्थानं घर का सोडलं? म्हातारा, आजारी माणूस आणि प्रेत बघून सोडलं, हे पटत नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता? पटलं मला. मग ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांचं भांडण झालं, सिद्धार्थानं युद्धाला विरोध केला, म्हणून त्याला घर सोडावं लागलं, असं सांगतात. पण पाली परंपरेत ते पाण्याचं भांडण येतं ते बुद्ध झाल्यानंतर, मिटवायला गेले म्हणून. म्हणजे गोष्ट उचलून अलीकडं आणली.

आई : एकट्या बाबासाहेबांनीच नाही. धर्मानंद कोसंबींनाही ती म्हातारा-प्रेताची गोष्ट पटली नव्हती. गोव्याचा माणूस, घरदार सोडून नेपाळ, सिलोन पालथं घातलं, पाली शिकून आला. त्यांच्या 'भगवान बुद्ध'मध्ये आहे. शस्त्रं उचललेली माणसं बघून भय वाटलं असं खुद्द बुद्धाच्याच तोंडी एका सुत्तात येतं, त्याचा आधार त्यांनी दिलाय.

मुलगी : तो आधार मान्य. पण पुढं बघ. चार आर्यसत्यं मूळ बुद्धाची आहेत का, अशी शंका. कर्म आणि पुनर्जन्म, शंका. भिक्खू कशासाठी, स्वतः पूर्ण होण्यासाठी का लोकांची सेवा करण्यासाठी, शंका. आणि बुद्धवचन ओळखायची कसोटी काय दिलीय? जे बुद्धीला, तर्काला धरून आहे आणि माणसाच्या हिताचं आहे ते बुद्धाचं. मग हे उलटं नाही का झालं? आधी मी ठरवणार काय बरोबर, नंतर म्हणणार हे बुद्ध बोलला. मग बुद्ध कशाला हवा? माझी बुद्धी पुरे आहे.

आई : तुझी बुद्धी पुरे आहे?

मुलगी : वाद म्हणून म्हणते.

आई : वाद म्हणूनच विचारते. तुझ्या ऑफिसात प्रोग्रॅम ज्यानं लिहिला त्यालाच चुका का शोधू देत नाहीत?

मुलगी : त्याला स्वतःच्या दिसत नाहीत म्हणून.

आई : मग? बाबासाहेबांनी काय बदललं ते लपवलं नाही, पुस्तकाच्या तोंडाशीच सांगितलं, हे मला पटत नाही, का पटत नाही ते असं. आता तू तपास. पण एकटी खोलीत बसून नको तपासूस. परवा विहारात काय झालं सांगते. ग्रंथवाचन चालू होतं, सिद्धार्थ यशोधरेचा निरोप घेतो ते. आपल्या पुस्तकात तो तिला न सांगता रात्री पळून जात नाही, माहितीय ना? तिला सांगतो, आणि ती रडत नाही. मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं म्हणते, जा, पण सगळ्यांच्या सुखाचा मार्ग शोधून काढा म्हणते. बौद्धाचार्य मोठ्या सुरात वाचत होते. तर मागून एक आजी, पंचाहत्तरीच्या असतील, दरवर्षी सगळा ग्रंथ ऐकतात, वाचता येत नाही, त्या मोठ्यानं म्हणाल्या, "तान्हं लेकरू मांडीवर असलेली बाई असं बोलंल व्हय? हे बाबासाहेबांनी तिच्या तोंडी घातलंय."

मुलगी : (हसून) मग काय केलं त्यांना?

आई : काय करणार? अर्ध्या बाया हसल्या, अर्ध्या चपापल्या. एक जण म्हणाली, बोललीही असेल, राजाची सून ती. दुसरी म्हणाली, माझा नवरा गल्फला गेला तेव्हा मी पण जा म्हणाले होते, आतून काय होत होतं मला ठाऊक. दहा मिनिटं तेच. बौद्धाचार्य बोट ठेवून थांबले होते पानावर. मग पुढं वाचलं. ही आजी कुठल्या कीर्तनात असं बोलली असती? तुझी शंका आणि त्यांची शंका एकच आहे बघ. तू एकटीनं पुस्तकात पेन्सिलीनं रेघ मारलीस, त्यांनी पन्नास बायांत बोलून दाखवली. म्हणून म्हणते रविवारी जात जा. वंदनेसाठी नको, तुझी रेघ दाखवायला जा.

मुलगी : पुण्यातल्या विहारात मी असं बोलले तर चालेल?

आई : सगळीकडं चालेल असं नाही. काही ठिकाणी डोळे वटारतील. बाबासाहेबांच्या फोटोसमोर नारळ फोडायला निघालेलेही बघितलेत मी.

मुलगी : आणि तू परवा माझ्यावरून मीठ-मोहरी ओवाळलीस ते?

आई : ते... तू फार दमलेली दिसत होतीस.

मुलगी : मुलांसाठी म्हणून. रामजींचा गणपती.

आई : बरं बाई.

रामजींच्या त्या गणपतीचं मला नेहमी कौतुक वाटतं. मुलाला त्यात विसंगती दिसली आणि ती होतीच. पण लेकरापाशी आल्यावर माणसाचा पंथ थोडा सैल होतो, तो असाच. या आईनं मीठ-मोहरीचं कबूल केलं आणि वाद उलट खरा झाला, कारण आतापर्यंत सत्याबद्दल बोलणारी मुलगी आता सुखाकडं वळते.

मुलगी : मला मुळात विहारापेक्षा गोयंका गुरुजींची धम्मगिरी जवळची वाटते. इगतपुरीला दहा दिवस राहून आले तेव्हापासून. पहाटे चारला घंटा, फोन जमा, कुणाशी बोलायचं नाही, पहिले तीन दिवस नुसता नाकाशी श्वास. संध्याकाळी चहा, मुरमुरे. चौथ्या दिवशी विपश्यना. कुणी मला काही मानायला सांगितलं नाही. गुडघा दुखतो, बघ. कमी होतं, बघ. हे मला बुद्धाच्या जवळचं वाटतं, पन्नास जणींनी सुरात म्हणण्यापेक्षा. आणि खरं सांगू, मी इतकी शांत कधीच नव्हते.

आई : गोयंका गुरुजींबद्दल मला काही म्हणायचं नाही. ब्रह्मदेशातून ही विद्या परत आणली, शिबिराचे पैसे घेत नाहीत, चांगलंच आहे. पण शांत कशाबद्दल झालीस?

मुलगी : कशाबद्दल म्हणजे?

आई : मागच्या वर्षी तुला घर मिळत नव्हतं. फोनवर रडली होतीस.

मुलगी : एजंटनं आडनाव विचारलं. सांगितलं तर म्हणाला, मालकांना व्हेज फॅमिली हवी. मी म्हटलं, मी खात नाही. तर म्हणाला, बघून सांगतो. सांगितलं नाही. त्या रात्री बसले मी तासभर. राग वर येताना दिसला, कानशिलं तापली ती दिसली, मग उतरला. झोप लागली. आधी असं झालं असतं तर आठवडाभर जळत राहिले असते.

आई : राग उतरला. आणि घर मिळालं?

मुलगी : त्याचा ध्यानाशी काय संबंध?

आई : तेच विचारते. चार आर्यसत्यांत मला काय खटकतं सांगू? दुःख तुझ्या तृष्णेतून येतं म्हटलं की तृष्णा सोडली, झालं. पण ज्याला घर नाकारलं त्याच्या कुठल्या तृष्णेतून ते दुःख आलं? घर हवं या? माणूस माणसाशी अन्यायानं वागतो म्हणून जे दुःख होतं, ते डोळे मिटून जाणार नाही, असं बाबासाहेबांचं म्हणणं. त्यांना धम्म हवा होता तो माणसामाणसांत कसं वागायचं याचा. तुझ्या कानशिलांचा नाही.

मुलगी : म्हणजे मी रात्रभर जळत बसायला हवं होतं? मी जळून एजंटला काय फरक पडला असता? तुम्ही लोकांनी रागालाच धर्म करून ठेवलंय. लढायलासुद्धा झोप लागते, आई. बाबासाहेबांनाही लागत असेल.

आई : ...

मुलगी : काय झालं?

आई : नाही, बरोबर आहे तुझं. त्यांना लागत नव्हती फारशी, पण तुझं बरोबर आहे. मग आत्ताचं हे घर मिळालं कसं? तू सांगितलं नाहीस कधी.

मुलगी : बाबांचं नाव आडनावासारखं सांगितलं. पहिलं माझं, शेवटचं बाबांचं. एजंट खूश. करारात खरं आडनाव आलं तोवर मालक परदेशात, अंगठे-सह्या सगळं ऑनलाइन, कुणी नीट वाचलं नाही. आता दे सल्ला. खरं बोलून रस्त्यावर राहायचं का खोटं बोलून सुखात? पंचशीलात चौथं काय आहे?

आई : खोटं बोलणार नाही.

मुलगी : मग?

आई : खोटं ते खोटंच, तुझ्या तोंडून निघालं म्हणजे तुझंच. त्यांनी बोलायला लावलं असं म्हणून मी ते त्यांच्या खात्यावर टाकणार नाही. पण तुला त्याची लाज वाटावी असंही मला वाटत नाही. दोन्ही एकदम कसं म्हणते ते मला विचारू नकोस.

मुलगी : हे काय उत्तर झालं?

आई : नाही झालं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावलास का तिथं?

मुलगी : कपाटाच्या आत आहे. दाराला, आतल्या बाजूनं.

आई : पिठाच्या डब्यात.

मुलगी : आई, प्लीज.

आई : टोमणा नाही मारत. आजीला मी कधी नावं ठेवली नाहीत, तुलाही ठेवत नाही. तिलाही वेळ लागला. करार किती महिन्यांचा आहे?

मुलगी : अकरा. डिसेंबरात संपतो.

आई : मग मी नोव्हेंबरात येते. एजंटला फोन मी लावते. पहिल्या वाक्यात आडनाव, दुसऱ्यात भाडं.

मुलगी : आणि मिळालं नाही घर तर? चार ठिकाणी नाही मिळालं तर?

आई : तर पाचव्या ठिकाणी जायचं. तू आत बसून तुझी विपश्यना कर, फोनवर भांडायला मी आहे. फक्त रात्री मला शिकव ती, कशी करतात. मला बीपी आहे.